जिन्याचा दिवा: वरून-खालून दोन्हीकडून चालेल असा स्मार्ट डिमर कोणता घ्यावा?

ओसरी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

नाशिकला आमचं रो-हाऊस आहे, २००९ चं बांधकाम. जिन्यात तीन दिवे, ९-९ वॅटचे पांढरे एलईडी, तिन्ही एकाच बटणावर. एक बटण खाली हॉलच्या बोर्डात, एक वर बाबांच्या खोलीच्या दाराशी, नेहमीचं टू-वे. बाबा ७८ वर्षांचे. पहाटे चारला उठून खाली येतात आणि स्वतःचा चहा स्वतः करून पितात, ही सवय चाळीस वर्षांची आहे आणि ती मोडा असं मी त्यांना सांगणार नाहीये. पण झोपेतून उठून दिवा लावला की डोळ्यांवर असा भक्कन उजेड येतो की दोन मिनिटं काही दिसत नाही म्हणतात, म्हणून ते दिवा लावतच नाहीत. भिंतीला हात लावत, पायऱ्या मोजत उतरतात. चौदा पायऱ्या आहेत. मागच्या महिन्यात मोजायला चुकले, तेरावीलाच जमीन आली समजून पाय टाकला. कोपराला मुका मार बसला, थोडक्यात निभावलं, पण मला त्या दिवसापासून पहाटे चारला आपोआप जाग येते.

म्हणून डिमर हवाय. एक स्मार्ट डिमर आणलासुद्धा, दुकानदार म्हणाला कुठेही बसतो. वायरमनने खालच्या बटणाच्या जागी बसवला. आता झालंय असं की वरचं बटण खालीवर केलं की दिवे पूर्ण बंद होतात आणि अ‍ॅप मात्र दिवा चालू आहे असं दाखवतं. आणि मंद केला की तिन्ही बल्ब लुकलुकतात. डिमर खराब आहे, बल्ब खराब आहेत की वायरिंग? नक्की काय घेऊ?

काजवा
डिमर परत करा आणि तीन स्मार्ट बल्ब आणा. वायरिंगला हात लावायलाच नको. दहा मिनिटांचं काम.

नागपूरकर_७१
काजवा, रागावू नका पण जिन्याला स्मार्ट बल्ब अजिबात नको. मी केलाय हा प्रयोग. बल्बला चोवीस तास वीज मिळाली तरच तो वायफायवर जिवंत राहतो, म्हणजे भिंतीवरचं बटण कुणी बंद करायचं नाही. आणि आपल्या घरात बटण बंद न करता कोण खोलीबाहेर पडतो? आमच्या मातोश्रींनी आयुष्यभर "दिवा घालवा रे" म्हणत घर चालवलं, त्या बटण बंद करणारच, आणि ते बरोबरच आहे. टू-वेला तर दोन बटणं, म्हणजे दुप्पट वेळा मेला.

दुसरं, वीज जाऊन परत आली की बल्ब काय करतो ते बघा. आमच्याकडे मे महिन्यात रात्री अडीचला वीज आली आणि घरातले पाचही बल्ब एकदम पांढरेफटक पेटले, नातू रडत उठला. सेटिंगमध्ये 'वीज परत आल्यावर आधीच्या स्थितीत' असा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी बदलावा. डिमर घ्या नाहीतर बल्ब घ्या, हे तपासाच.

ठिणगी
ओसरी, तुमच्या दोन तक्रारींची कारणं वेगवेगळी आहेत, एकत्र करू नका.

लुकलुकणं बल्बामुळे. आपल्याकडे व्होल्टेज कमीजास्त होतं म्हणून बरेच एलईडी बल्ब १०० पासून ३०० व्होल्टपर्यंत सारखाच उजेड देतील असे बनवलेले असतात. खोक्यावर ती रेंज छापलेली असते बघा. म्हणजे तुम्ही डिमरने वीज कापताय आणि बल्बातलं सर्किट जिवापाड उजेड टिकवायला बघतंय. एका मर्यादेपर्यंत टिकवतं, मग दम तुटतो आणि लुकलुकतं. खोक्यावर 'डिमेबल' असं स्पष्ट लिहिलेलेच बल्ब घ्या. डाउनलाइट (छतात बसणारा दिवा) असेल तर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला वीज पुरवणारं सर्किट, डिमेबल हवा.

डिमरचेही दोन प्रकार. वीज सेकंदाला ५० वेळा वरखाली होते, म्हणजे १०० अर्ध्या लाटा. जुना ट्रायॅकवाला डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेची सुरुवात कापतो, त्याला लीडिंग एज म्हणतात. तो पिवळ्या तापणाऱ्या बल्बांसाठी उत्तम होता. नवे ट्रेलिंग एज डिमर लाटेचं शेपूट कापतात, एलईडीला ते मानवतं आणि गुणगुण कमी होते. शिवाय जुन्या डिमरला किमान लोड लागायचा, ४०-६० वॅट. तुमचे तीन बल्ब मिळून २७ वॅट.

वरच्या बटणाची गोष्ट वायरिंगची आहे. टू-वेमध्ये दोन बटणांच्या मध्ये दोन वायरी असतात. तुमचा डिमर त्यातल्या एकीवरच वीज पाठवतोय. वरचं बटण दुसरीकडे कललं की बल्बाची वीज तुटली. डिमर बिचारा चालूच आहे, म्हणून अ‍ॅप चालू म्हणतंय. वरच्या जागीही एक डिमर बसवा असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. एका दिव्याच्या वाटेत डिमर एकच.

पाऊलवाट
न्यू जर्सीहून. इथे तुमच्या टू-वेला थ्री-वे म्हणतात, त्यामुळे भारतातल्या आणि इथल्या व्हिडिओंची तुलना करताना आधी हा घोळ लक्षात ठेवा. आमच्या जिन्यात ल्यूट्रॉनचा कॅसेटा डिमर आहे, त्याला न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, लागत नाही. दुसऱ्या जागी वायरिंगच नाही, पिको नावाचं सेलवर चालणारं छोटं रिमोट भिंतीवर चिकटवलंय, दिसायला बटणासारखंच. जुनी बटणाची जागा आतून जोडून बंद केली. इथे २०११ च्या वीजसंहितेपासून बहुतेक बटणांच्या डब्यात न्यूट्रल आणून ठेवणं सक्तीचं झालं, पण आमचं घर १९६० च्या दशकातलं, त्यामुळे हाच उपाय. डिसेंबरमध्ये पुण्याला येतोय, हवा तर एक संच आणतो.

ठिणगी
पाऊलवाट, मन मोठं आहे तुमचं पण कृपया आणू नका. तो डिमर १२० व्होल्ट ६० हर्ट्‌झचा आहे, इथे २३० वर लावला तर पहिल्याच दिवशी संपेल, कदाचित धूर काढून. झेड-वेव्हची (वायफायऐवजी वेगळ्या रेडिओ लहरींवर बोलणारी) स्मार्ट उपकरणंही तिकडून आणू नयेत, अमेरिकेत ती ९०८ मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलतात आणि भारतात ८६५ वर, इथल्या हबला ऐकूच येत नाहीत. पण तुमची कल्पना एकदम योग्य आहे: मेंदू एकच, दुसऱ्या जागी फक्त निरोप देणारं बटण.

पाऊलवाट
बरं झालं सांगितलंत, भावाने पण मागवलाय एक. त्याला आत्ताच फोन करतो.

मावळती
मी वेगळं मत मांडते. मी नर्सिंगमध्ये आहे, वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात. वय झालं की बाहुली लहान होते आणि डोळ्याला अंधारातून उजेडात आणि उजेडातून अंधारात जुळवून घ्यायला वेळ लागतो. डोळा अंधाराला पूर्ण सरावायला तरुण माणसालासुद्धा वीस-तीस मिनिटं लागतात, आणि एका पांढऱ्या झोताने ते सगळं पुसलं जातं. म्हणून बाबांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. पण त्यावर डिमर कशाला? पायरीच्या उंचीवर पिवळसर फूट-लाइट आणि त्याला हालचालीचा सेन्सर. बटण शोधायलाच नको. अंधारात बटण चाचपडतानाच माणसं पडतात हो.

ओसरी
मावळती ताई, हे माझ्याही मनात होतं. बाबांना विचारलं, तर म्हणाले, "मी न सांगता दिवा लागलेला मला चालणार नाही." शिवाय घरात मांजर आहे, रात्रभर वरखाली करते. पण बटण चाचपडण्याचं तुम्ही म्हणालात त्यावरून काल रात्री मी डोळे मिटून वरचं बटण शोधून पाहिलं. दाराच्या चौकटीपासून वीतभर लांब आणि माझ्या खांद्याच्या उंचीवर आहे. हात आधी पडद्यालाच लागतो. हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मावळती
मग बाबांचं ऐका. त्यांच्या हातात ठेवलेलं त्यांना हवंय हे चांगलं लक्षण आहे. फक्त बटण असं घ्या की ज्यात बारीकसा लाल इंडिकेटर जळत राहतो.

काळीपट्टी
कोल्हापूर. बावीस वर्षं वायरिंगचंच काम करतोय. कंपनीचं नाव विचारायच्या आधी एक सांगा ताई, तुमची दिव्याची वायर कुठल्या बोर्डातनं निघते? वरच्या का खालच्या? याच्यावर सगळं अवलंबून हाय.

एमसीबी पाडा, टेस्टरनं बघून खात्री करा, मग दोन्ही बोर्ड उघडून फोटो टाका. वायरमन असेल तर त्यालाच उघडू द्या. आणि बघताना हे पण बघा: फेज खालच्या मजल्याचा आणि दिव्याचा न्यूट्रल वरच्या मजल्याच्या सर्किटचा, असं केलेलं असतं का. जिन्यात हमखास सापडतं, वायर वाचवायला केलेलं. मजल्याला वेगवेगळे आरसीसीबी, म्हंजे वीज गळाली की तोडणारे स्विच, असतील तर दिवा लावला की ट्रिप मारतोय.

अजून एक वाईट पद्धत म्हणजे दोन्ही बोर्डांत प्लगसाठी फेज-न्यूट्रल हाय म्हणून दोन्ही बटणांना दोन्ही आणून जोडायचं. दिवा लागतो बंद होतो, पण कधीकधी बंद दिव्याच्या दोन्ही टोकांना फेज बसलेला असतो. होल्डरला हात लावला की झटका. तसं असलं तर आधी ते काढायचं, डिमरचं नाव नंतर.

ओसरी
काका, तुम्ही सांगितलं तसं आमच्या वायरमनकडून करून घेतलं. खालच्या बोर्डात प्लग असल्याने फेज, न्यूट्रल, अर्थ सगळं आहे. वर दोन बटणांचा छोटा डबा, त्यात फक्त तीन वायरी: दोन खालून आलेल्या आणि एक दिव्याकडे गेलेली. वर न्यूट्रल नाही. दिव्याचा न्यूट्रल छतातून थेट आलाय आणि तो खालच्याच सर्किटचा आहे, तपासलं.

काळीपट्टी
मग सोपं. तुमचा डिमर खाली बसलाय तीच चूक. खाली बसवला तर एक वायर दिव्याची वीज वर न्यायला गेली, दुसरी वरच्या बटणाचा निरोप खाली आणायला, मग वरच्या बटणाला फेज कुठनं देणार? तिसरी वायर नाहीच.

डिमर वर न्यायचा. बटणामागं लपणारा छोटा मोड्यूल मिळतोय, काडेपेटीएवढा. दोन वायरींतल्या एकीला खाली कायमचा फेज जोडायचा, ती वर मोड्यूलला. दुसरी वायर निरोपाची: खाली बटण दाबलं की फेज त्या वायरनं वर मोड्यूलच्या स्विच-टोकाला जातोय. वरचं बटण त्याच टोकाला तिथल्या तिथं. मोड्यूलचं आउटपुट दिव्याच्या वायरीला. झालं. नवी वायर एक इंच लागत नाही.

आणि बटणं दोन्ही बेलची घ्यायची, दाबलं की परत वर येणारी. मोड्यूलर प्लेटमध्ये बसतात, शंभर-दीडशेत येतात. एकदा टच केलं की चालू-बंद, दाबून धरलं की कमी-जास्त. साधं टू-वे बटण ठेवलं तर दाबून धरणार कसं?

कोपरा_न_कोपरा
आमच्याकडे तीन मजले, तीन ठिकाणी बटण हवंय. मध्ये इंटरमिजिएट बटण लागतं ना?

काळीपट्टी
जुन्या पद्धतीत लागतंय. बेल बटणांत काय नाही, तिसरं बटण त्याच दोन वायरींवर समांतर जोडायचं. चार करा, पाच करा.

ठिणगी
काळीपट्टींची मांडणी अचूक आहे, एक भर घालतो. वर न्यूट्रल नसल्याने 'विना न्यूट्रल' चालणारा मोड्यूलच लागेल. शेली डिमर २, फिबारो डिमर २ हे त्या प्रकारातले, दोघांनाही दोन बटणांची टोकं आहेत. पण विना न्यूट्रल म्हणजे मोड्यूल स्वतःची वीज बल्बातूनच ओढतो. लोड फार कमी असेल तर बंद केल्यावरही बल्ब काजव्यासारखे मिणमिणतात किंवा थरथरतात. त्यावर बायपास म्हणून एक छोटा तुकडा मिळतो, तो दिव्याच्या जागी फेज-न्यूट्रलमध्ये समांतर लावायचा. तरी माझं मत, पाईप मोकळा असेल तर स्प्रिंग टाकून न्यूट्रलची एक वायर वर ओढूनच घ्या. एकदाच त्रास, पुढे वीस वर्षं निवांत.

काळीपट्टी
२००९ चा पाईप, दोन वळणं, आत वायरी चिकटलेल्या असतात. ओढताना जुनी तुटली म्हंजे भिंत फोडायला लागतीय. आधी बायपास लावून बघा म्हणतो मी, नाही जमलं तर ओढा.

काजवा
मिणमिणणाऱ्या बल्बासाठी मला बोलावलंत म्हणून आलो :) स्मार्ट बल्बाचा सल्ला मागे घेतो. ही निरोपाच्या वायरीची युक्ती माझ्या डोक्यातच आली नव्हती.

पन्हाळी
हे सगळं वाचताना झिरोचा बल्ब आठवला. आमच्या लालबागच्या चाळीत जिन्यात लाल झिरोचा बल्ब असायचा, त्या उजेडात आम्ही धावत वरखाली करायचो आणि कधी पडलो नाही. नाव झिरो पण तो १५ वॅटच्या आसपास वीज खायचा, जुन्या मीटरला तेवढा दिसायचा नाही म्हणून झिरो म्हणत. तुम्ही सगळे इतका खटाटोप करताय तो शेवटी त्या लाल बल्बासाठीच की.

मावळती
पन्हाळी, डोळ्यासाठी तो लाल-पिवळा उजेड चांगलाच होता. म्हणून ओसरी, डिमेबल बल्ब घेताना ६५०० केल्विनचा पांढरा घेऊ नका, २७०० चा पिवळसर घ्या. पांढरा मंद केला तरी निळसरच राहतो.

नागपूरकर_७१
पंख्याच्या रेग्युलेटरवर दिवे लावू नका हेही कुणीतरी सांगून ठेवा. आमच्या शेजाऱ्यांनी लावले, बल्ब महिन्यात गेले.

ठिणगी
बरोबर. आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह आहे का बघा. चौकोनी लाटेच्या जुन्या इन्व्हर्टरवर डिमर गुणगुणतात आणि चुकीच्या जागी कापतात.

ओसरी
महिन्याने येतेय, उशिराबद्दल माफ करा. काम झालं.

डिमर मोड्यूल वर बसवला, काळीपट्टी काकांच्या मांडणीप्रमाणेच. आमच्या वायरमनला ती वाचून दाखवली, त्याने कागदावर काढून घेतली आणि म्हणाला हे मी आता पुढच्या साइटवर पण करणार. अडचण एकच आली, वरचा डबा उथळ होता, बटण आणि मोड्यूल मिळून प्लेट बसेना. मोड्यूल गरम होतो, कोंबून बसवायचा नाही असं मीच म्हटलं. मग डबाच काढून खोल बसवला, आणि भिंत उकरायचीच होती तर तो वीतभर सरकवून चौकटीला लागून, बाबांच्या कमरेच्या उंचीवर आणला. मावळती ताई, हे तुमच्यामुळे.

बल्ब तिन्ही डिमेबल, २७०० चे. पहिले दोन दिवस बंद केल्यावर एक बल्ब अगदी पुसट जळत राहायचा, खोली पूर्ण काळोखी केली तरच कळायचं. बायपास लावल्यावर गेला. न्यूट्रल ओढावा लागला नाही. अ‍ॅपमधून एकदा कॅलिब्रेशन करायचं असतं, ते केल्यावर थरथर थांबली. दहा टक्क्यांच्या खाली थरथर अजून आहे, त्यामुळे किमान मर्यादा बारावर ठेवलीय. आधी वाटलं बारा टक्क्यांत काय दिसणार, पण चांगलं दिसतं.

ठिणगी
डोळा तसाच आहे. मोजून १० टक्के उजेड असला तरी डोळ्याला साधारण ३० टक्क्यांइतका वाटतो. बारा भरपूर झाले.

ओसरी
रात्री अकरा ते पहाटे पाच कुठलंही बटण दाबलं तरी बाराच टक्के, हळूहळू चढत जाणारा. दिवसा पूर्ण. वायफाय बंद करून पाहिलं, दोन्ही बटणं चालतात. बाबांना अ‍ॅप दाखवलंच नाही. दाबून धरायचं सांगितलं तर म्हणाले, "मला धरायचं कारणच पडत नाही."

काल पहाटे मी दार किलकिलं करून बघत होते. आधी बटणाचा बारीक टक्‌ आवाज, मग पायऱ्यांच्या कडा एकेक करून दिसायला लागल्या. बाबांचा उजवा हात कठड्यावर होता, भिंतीवर नव्हता. खाली पोचल्यावर त्यांनी खालचं बटण दाबून दिवा घालवला आणि थोड्या वेळाने लायटरचा आवाज आला.

मावळती
वाचून फार बरं वाटलं. शेवटच्या पायरीच्या कडेला एक पिवळी पट्टी चिकटवा तेवढी.

ओसरी
चिकटवली, तेराव्या आणि चौदाव्या दोन्हींना.

कोपरा_न_कोपरा
ओसरी, बायपास दिव्यापाशी कुठे बसवलात? आमचा पीओपीचा छत आहे, आत जागा कमी.

ओसरी
तिन्हीला एकच पुरतो. जिन्याच्या वरच्या टोकाचा दिवा आहे ना, त्याच्या होल्डरमागच्या जंक्शनच्या डब्यात, फेज-न्यूट्रलच्या मध्ये. पीओपी असेल तर डाउनलाइट खाली ओढला की त्याच भोकातून हात जातो. एमसीबी पाडूनच करा.